घर आणि टाकीच्या मधलं झाड

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची टाकी आहे. टाकी म्हणायचं ते आपलं सवयीने. माझ्यात आता पेलाभर पाणीही ठरत नाही. घराच्या बाजूची माझी भिंत फुटली आहे आणि त्या भगदाडातून दुपारी बकऱ्या आत येऊन बसतात. त्यांना सावली मिळते, मला लेंड्या मिळतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझं असं का झालं, आणि माझ्याबरोबर आणखी कोणाचं काय झालं, ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला पुरतं कोसळायचं नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

जमैकाच्या दक्षिणेकडचा आमचा हा डोंगर कोरडा आहे. नदी नाही, ओढा नाही, विहीर खणावी तर खाली नुसता चुनखडक. पाणी येतं ते आभाळातून, आणि आभाळ आमच्याकडे बघताना हात आखडता घेतं. म्हणून इथला शहाणा माणूस आधी टाकी बांधतो आणि मग लग्न करतो. दारात टाकी नाही त्याला मुलगी कोण देणार?

मला बांधलं उरायाहने. तो गवंडी होता. सगळा गाव त्याला मास उरायाह म्हणे. आमच्याकडे मोठ्या माणसाच्या नावाआधी मास लावतात आणि बाईच्या नावाआधी मिस. दिवसभर लोकांच्या भिंती बांधून तो संध्याकाळी माझ्याकडे यायचा. दगड त्याने स्वतः फोडले. आतून तीन हात गिलावा केला, आणि तो वाळताना तडकू नये म्हणून आठ दिवस, बाळाला न्हाऊ घालावं तसं मला पाणी मारलं. ते पाणी त्याने शेजारच्या गावातून डोक्यावरून आणलं होतं. घराच्या पत्र्याच्या छपराला त्याने पन्हळ लावली आणि तिचं तोंड माझ्यात सोडलं. डास होऊ नयेत म्हणून चार मासेही सोडले. मी घरापासून सात पावलांवर होते. त्याने पावलं मोजून जागा ठरवली होती.

"टाकी घराला चिकटून नको आणि घर टाकीला चिकटून नको," तो म्हणायचा. "दोघांनाही श्वास घ्यायला जागा पाहिजे."

मग त्याने आयसिल्डाशी लग्न केलं. गोरटेली, नाजूक वगैरे काही नव्हती ती. दणकट बाई, आवाज खणखणीत, आणि एकदा नाही म्हणाली की पालथ्या घड्यावर पाणी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी दुष्काळ पडला. आसपासच्या सगळ्या टाक्यांनी तळ दाखवला, मी नाही दाखवला. सकाळपासून माझ्यासमोर बादल्यांची रांग लागायची. आयसिल्डा कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"एका घराला एक बादली! सांडलंत तर पुढची बादली नाही. आणि हो, मिस मर्टल, तुमचं घर एकच आहे हे मला ठाऊक आहे. त्या दुसऱ्या बादलीला परत घरी न्या."

लोक हसायचे, आणि पाणी नेताना माझ्या भिंतीवर थाप मारून जायचे. मित्रांनो, तेव्हा मला जो अभिमान वाटायचा तो आजही आठवतो. अंगात पाणी असलं की कोणीही थाप मारतं, हे कळायचं माझं वय नव्हतं.

त्या वर्षाच्या शेवटी पाऊस आला आणि त्यामागोमाग लिनव्हल आला. आयसिल्डाचा पहिला मुलगा. आमच्याकडे बाळाची नाळ फेकत नाहीत. ती अंगणात पुरतात आणि तिच्यावर झाड लावतात. ते झाड त्या बाळाचं. झाड वाढलं तर बाळ वाढलं, झाड वठलं तर घरातल्या बाया एकमेकींकडे बघतात. उरायाहने त्यासाठी आवाराच्या खालच्या टोकाला, दगडी कुंपणापाशी, छान खोल खड्डा खणला होता. घरापासून तीस पावलं.

पण बाळंतीण नऊ दिवस खोलीबाहेर पडत नाही. आयसिल्डाने खाटेवरून खिडकीबाहेर बघितलं, तिथून कुंपण काही दिसेना.

"नऊ दिवस मी इथे पडून राहायचं आणि माझ्या लेकराचं झाड तिकडे बकऱ्यांच्या शेजारी? मला ते डोळ्यांसमोर पाहिजे. इथे लावा, खिडकीखाली."

"आयसी, ते नीरफणसाचं झाड आहे, मिरचीचं रोप नाही," उरायाह म्हणाला.

"वीतभर तर आहे!"

"आज वीतभर आहे."

सुईण मिस टिझी बाळाला पुसत होती. तिने तोंड उघडलं आणि प्रश्न मिटला. "बाळंतिणीचं मन मोडू नये, मास उरायाह. दूध आटतं. आणि टाकी भरली की वरचं पाणी ओसंडून इथेच येतं. दुष्काळातसुद्धा मरणार नाही रोप."

तिचं बोलणं अगदी खरं होतं. तेच तर आमच्या मुळावर आलं.

रोप घर आणि माझ्या बरोबर मधोमध लागलं. घरापासून साडेतीन पावलं, माझ्यापासून साडेतीन. लांबचा खड्डा उरायाहने बुजवला नाही. "असू दे. लागेल कधीतरी," म्हणाला. मलाही खरं तर आनंदच झाला. उन्हात माझी पाठ भाजून निघायची. सावली मिळणार म्हणून मी त्या रोपावर माझं ओसंडणारं पाणी मोकळ्या मनाने सोडत राहिले.

तो खड्डा पाच वर्षांनी लागला. डेलरोज झाली. आता खिडकीखाली जागा नव्हती, म्हणून तिची नाळ लांबच्या खड्ड्यात गेली आणि तिच्यावर लिंबाचं रोप लावलं. त्या वर्षी पुन्हा कोरड पडली. तीस पावलं बादली उचलून न्यायची कोणाला सवड झाली नाही. लिंबू वाळलं. आयसिल्डाने वाळकी काडी उपटून चुलीत घातली आणि म्हणाली, "मुलगी धडधाकट आहे ना? मग झालं." बायांनी एकमेकींकडे बघितलं नाही. मुलीच्या झाडाचं एवढं काय.

डेलरोज मला फार आवडायची. चार-पाच वर्षांची असताना ती माझ्यावर चढायची, लाकडी झाकण सरकवायची आणि आत तोंड घालून स्वतःचंच नाव ओरडायची. भरलेल्या टाकीला आवाज परत देता येत नाही. पाणी खाली गेलं की देता येतो. म्हणून गावात सगळे पावसाची वाट बघायचे आणि ही एकटी कोरड्या दिवसांची. "डेलरोज!" ती ओरडायची. मी म्हणायचे, "रोज... ओज..." ती खिदळायची, आणि घरातून आयसिल्डाची हाक यायची, "आत पडलीस तर पाणी बाटवशील हं!"

नीरफणस मात्र लिनव्हलच्या बरोबरीने वाढला. झाड मनगटाएवढं जाड झालं तेव्हा उरायाह कोयता पाजळून आला. मुळावर एक फुटवा आला होता. तो म्हणाला, "आयसी, हा फुटवा काढून कुंपणापाशी लावतो. याच झाडाचं हे रक्त, याच नाळेवरचं. आणि हे मोठं आता काढून टाकू. अजून हाताने निघेल." नेमका त्या आठवड्यात लिनव्हलला ताप होता. आयसिल्डा झाडाला पाठ लावून उभी राहिली. "आधी मला काप," म्हणाली. उरायाहने कोयता खाली ठेवला. तो भांडखोर माणूस नव्हता. मला कधीकधी वाटतं, असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी तो एका चर्चच्या भिंतीवरून पडून गेला. त्यानंतर झाडाबद्दल नाही म्हणणारं घरात कोणी उरलं नाही.

लिनव्हल बावीस वर्षांचा झाला आणि अमेरिकेत ऊसतोडीच्या करारावर गेला. सहा महिन्यांचा करार होता. जाताना त्याने माझ्यातून पेलाभर पाणी काढून प्यायलं, झाडाच्या खोडावर नखाने काहीतरी कोरलं आणि ट्रकमध्ये चढला. दोन वर्षं पत्रं आली. मग एक आलं, त्यात तो दुसरीकडे कामाला जातोय एवढंच होतं. मग काही आलं नाही. एक वर्ष, पाच वर्षं, दहा वर्षं. गावात लोक हळूहळू त्याच्याबद्दल 'होता' असं बोलायला लागले. आयसिल्डासमोर मात्र कोणाची तशी बोलायची छाती नव्हती. ती खिडकीतून हात बाहेर काढायची, पानाला हात लावायची आणि म्हणायची, "हिरवं आहे. माझा लिनव्हल हिरवा आहे."

त्यामुळे ते झाड आता झाड राहिलं नव्हतं. ते पोस्टमन होतं, डॉक्टर होतं, पाद्री होतं. ते कापायचं म्हणजे मुलाच्या मानेवर कोयता ठेवायचा, असा सरळ हिशेब झाला. आणि झाड? त्याला यातलं काय कळणार. ते आपलं वाढत होतं. घराच्या दुप्पट उंच झालं. फांद्या छपरावर टेकल्या. फळं पत्र्यावर धाडधाड पडायची आणि पत्र्याला खळगे पडायचे. ताटाएवढी पानं पन्हळीत अडकून कुजायची आणि माझ्यात तपकिरी, वासाचं पाणी यायचं. डेलरोज दर शनिवारी शिडी लावून पन्हळ साफ करायची. ती आता मोठी झाली होती, गावातल्या शाळेत स्वयंपाक करायची. तिला दोनदा मागणी आली. दोन्ही वेळा तिने विचारलं, "आणि ममाला पाणी कोण काढून देईल?" तिसऱ्यांदा कोणी आलं नाही.

आता एक कबुली देते, मित्रांनो. याच काळात एक मूळ माझ्या भिंतीतून आत आलं. आधी केसाएवढं होतं. गिलाव्याच्या एका बारीक फटीतून त्याने तोंड घातलं आणि पाणी प्यायला लागलं. मला त्याची गुदगुली व्हायची. सांगणार तरी कोणाला, आणि कसं? पण खरं बोलायचं तर मला सांगावंसंच वाटलं नाही. उरायाह गेला होता, लोकांची रांग कधीच थांबली होती, आणि कोणीतरी माझ्या इतक्या जवळ आलं होतं. पाचेक वर्षांत ते मूळ मनगटाएवढं झालं. फट बोटभर रुंद झाली. माझ्यातलं पाणी दर महिन्याला एक वीत खाली जायला लागलं, कोणी न काढता.

डेलरोजने एक दिवस झाकण काढून आत बघितलं. मग शेजारच्या मास झेफला बोलावून आणलं. झेफ झाडं तोडायचा, लाकूड कापून फळ्या पाडायचा. त्याने खोडाभोवती फेरी मारली, कोयत्याच्या मुठीने खोडावर ठोकलं, वर बघितलं, मग माझ्यात वाकून बघितलं.

"मिस आयसी," तो खिडकीशी जाऊन म्हणाला, "या झाडाचा एक पाय तुमच्या टाकीत आहे आणि डोकं तुमच्या छपरावर. नीरफणसाचं मूळ खोल जात नाही, वरवर पसरतं. मोठा वारा आला की हे आडवं होणार. कुठल्या बाजूला ते वारा ठरवेल."

"वारा तीस वर्षं येतोय," आयसिल्डा म्हणाली. "तुझी करवत गंजली असेल म्हणून आलास का रे?"

"करवतीला कामं ढीगभर आहेत. मी तुमच्यासाठी आलोय."

"मग कॉफी घे आणि जा."

झेफ गेला. डेलरोज खिडकीखालीच उभी राहिली. तिचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता.

"ममा, झाड मेलं की माणूस मरतं ना? माझं झाड मी वर्षाची व्हायच्या आत मेलं. तू ते चुलीत घातलंस. मी मेले का?"

"तुझं वेगळं."

"काय वेगळं?"

आयसिल्डा शांतपणे म्हणाली, "तू इथे आहेस. जो समोर दिसतो त्याला झाड कशाला लागतं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तुम्ही म्हणता ना, ते मी त्या दिवशी कानांनी ऐकलं. डेलरोज माझ्यापाशी आली, बादलीभर पाणी काढलं आणि तोंड धुतलं. बराच वेळ धूत होती.

पण ती आईचीच लेक होती. हट्ट तिच्यातही होता. दुसऱ्या आठवड्यात तिने बापाने सांगितलेला उपाय केला. मुळावरचा एक जोमदार फुटवा मातीसकट काढला आणि कुंपणापाशी त्याच जुन्या खड्ड्यात लावला. मग रोज शाळेतून आली की माझ्यातून बादली भरायची आणि तीस पावलं चालत जायची. माझ्यात पाणी कमी होतं तेव्हा ती अंघोळीचं पाणी वाचवायची. आयसिल्डा खिडकीतून बघायची. "कुठे चाललीस गं बादली घेऊन?" "तुझ्या मुलाला पाणी पाजायला," डेलरोज म्हणायची. "त्याच मुळाचं आहे. तोच आहे तो. फक्त जरा लांब उभा आहे."

हे बोलणं आयसिल्डाला पटलं असं मी म्हणणार नाही. पण तिने नाही म्हणणं थांबवलं. एक दिवस म्हणाली, "त्याला पहिलं फळ लागू दे. मग हे कापा." तिला वाटलं असेल, लागायचं कधी! डेलरोजने चार वर्षं पाणी घातलं, आणि चौथ्या वर्षी, जुलै महिन्यात, पहिलं फळ लागलं. तिने ते विस्तवावर भाजलं, सोललं आणि आईसमोर ठेवलं. आयसिल्डाने एक तुकडा खाल्ला, मग दुसरा.

"तीच चव आहे," ती म्हणाली. मग डोळ्यांना पदर नाही, तिने डोक्याचा रुमालच सोडून लावला. "कापा."

आता सगळं सुरळीत होणार होतं. पण जुन्या झाडावरही तेव्हा फळं लगडली होती आणि लेकुरवाळं झाड आमच्याकडे कोणी तोडत नाही. फळं उतरेपर्यंत ऑगस्ट संपला. मग झेफ आला. तोडण्याच्या बदल्यात लाकूड त्याला मिळायचं होतं. त्याने आभाळाकडे बघितलं.

"चंद्र भरत चाललाय, डेलरोज. वाढत्या चंद्रात तोडलं तर लाकडाला भुंगा लागतो. शनिवारी पौर्णिमा. सोमवारी सकाळी मी करवत घेऊन हजर."

"मास झेफ, एवढी वर्षं थांबलोय..."

"म्हणूनच म्हणतो. चार दिवसांनी काय होतंय?"

यात कोणाचंही काही चुकलं असं इथलं कोणी म्हणणार नाही. सगळे जण बापजाद्यांनी सांगितलं तसंच वागत होते.

शुक्रवारी सकाळी रेडिओवर सांगितलं की वादळ आमच्या बाजूला वळलंय, शाळेत जा. शाळेची इमारत सिमेंटची आहे. लोक गाठोडी घेऊन निघाले. आयसिल्डा खाटेवरून हलेना. "आजच तो आला आणि घराला कुलूप दिसलं तर?" डेलरोजने पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी तिने आईची खाट झाडाच्या बाजूच्या खोलीतून ओढत पलीकडच्या खोलीत नेली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या आणि स्वतःही थांबली. आईला एकटं टाकून जाणाऱ्यातली ती नव्हती. तशी असती तर ती आज असती.

वारा माझ्या बाजूने आला. छपराचे पत्रे ओरडायला लागले. झाड घराकडे वाकायचं, परत उभं राहायचं, पुन्हा वाकायचं. प्रत्येक वेळी माझ्या आतलं मूळ ताणलं जायचं आणि माझी भिंत कण्हायची. घरातून डेलरोजचा आवाज आला, "ममा, त्या खोलीची फळी सुटली. मी ठोकून येते." मग हातोड्याचे ठोके ऐकू आले. एक, दोन, तीन.

मित्रांनो, त्या क्षणी मी ते मूळ धरून ठेवलं. मला हात नाहीत हे मला माहीत आहे. पण माझ्यात जेवढा दगड होता, उरायाहने घातलेला जेवढा चुना होता, तेवढ्याने मी ते धरलं. मी म्हटलं, एवढी वर्षं माझं पाणी प्यालंस, आता एक घटकाभर माझं ऐक. पण ते मूळ माझी भिंतच घेऊन गेलं. मी फुटले, माझं सगळं पाणी बाहेर पडलं, आणि झाड घरावर गेलं. चौथा ठोका मी ऐकला नाही.

वारा ओसरल्यावर पहिला झेफ धावत आला. सोमवारची करवत त्याने शुक्रवारी दुपारी चालवली. कुठला चंद्र आणि कुठलं काय. फांद्या कापून तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या मुठीत खिळे होते. आयसिल्डा दारात उभी होती, अंगावर ओरखडाही नव्हता. ती पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होती, "सोमवारी कापणारच होतो. सोमवारी कापणारच होतो." झेफ चिखलात बसला आणि डोक्यावर हात मारून घेत राहिला.

माणूस गेलं की आमच्याकडे नऊ दिवस घरात लोक येतात, गातात, बसून राहतात. नवव्या दिवशी दुपारी फाटकापाशी एक गाडी थांबली. टक्कल पडलेला, जाडसर माणूस उतरला. मी त्याला आवाजावरून ओळखलं. लिनव्हल होता. वादळाची बातमी ऐकून आला होता. त्याला बायको होती, तीन मुलं होती, तब्येत ठणठणीत होती. फाटकातूनच त्याने विचारलं, "डेलरोज कुठे आहे?"

कोणीतरी सांगितलं. तो तिथेच खाली बसला. बऱ्याच वेळाने आयसिल्डा त्याच्याजवळ गेली. तिने त्याच्या डोक्याला, गालाला, हाताला हात लावून बघितला.

"एक पत्र तरी..." ती म्हणाली.

"आज लिहू, उद्या लिहू असं झालं, ममा. मग इतकी वर्षं गेली की लाज वाटायला लागली."

"तुझं झाड हिरवं होतं. म्हणून मला ठाऊक होतं की तू आहेस."

लिनव्हलने घरावर पडलेल्या त्या खोडाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "ते माझं झाड आहे?" तो म्हणाला. "ते अजून होतं? मला वाटलं, मी गेल्यावर तुम्ही ते केव्हाच कापलं असेल."

आयसिल्डाने पुढे होऊन त्या झाडाच्या एका वाळलेल्या पानाला हात लावला.

लिनव्हल तीन आठवडे राहिला. छपराला नवा पत्रा घातला, झेफबरोबर खोड कापून बाजूला केलं. ते लाकूड झेफने नेलं नाही. ते तिथेच पडून कुजलं. घराशेजारी लिनव्हलने एक काळी प्लॅस्टिकची टाकी आणून बसवली, आणि तो गेला. आता तो दर महिन्याला पत्र लिहितो. मला कोणी दुरुस्त केलं नाही. मी रागावले नाही. ज्या हातांना माझ्यावर गिलावा करता आला असता ते केव्हाच गेले.

आयसिल्डा आता रोज सकाळी त्या काळ्या टाकीतून अर्धी बादली भरते. पूर्ण बादली तिला उचलत नाही. तीस पावलं चालायला तिला खूप वेळ लागतो. कुंपणापाशी ती ते पाणी झाडाला घालते, आणि कोणी विचारलं तर सांगते, "हे डेलरोजचं झाड." एकदा झेफ हळूच म्हणाला, "मिस आयसी, ते लिनव्हलच्या मुळाचं आहे." ती म्हणाली, "ज्याने पाणी घातलं त्याचं."

मित्रांनो, तुम्हाला मी काय शिकवणार? मी एक फुटकी टाकी. पण एवढं ऐका. झाड लावताना हातातलं रोप बघू नका, त्याचा उद्याचा घेर बघा आणि तेवढी पावलं मागे सरका. चुकून जवळ लावलंच, तर ते मनगटाएवढं असतानाच काढा आणि दुसरं लांब लावा. ते मोठं होईपर्यंत तुमची मायाही मोठी होते, मग कोयता उचलवत नाही. आणि लांब गेलेल्याची वाट जरूर बघा, पण तुमच्या घरात रोज पाणी कोण भरतं, तिकडेही एकदा मान वळवून बघा.

कुंपणाकडून परत येताना आयसिल्डा माझ्यापाशी थांबते. बादली खाली ठेवते, झाकण सरकवते आणि आत वाकते. तिचा आवाज आता खणखणीत राहिलेला नाही. "डेलरोज," ती म्हणते. माझ्यात पाणी होतं तेव्हा मला फार तर अर्धं नाव परत देता यायचं. आता मी पूर्ण रिकामी आहे. आता मला सगळं नाव परत देता येतं.